मधमसाल्याचे घर

न्यूरेंबर्ग हे नाव उच्चारले की कायद्याच्या अभ्यासकापुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. पहिली म्हणजे 1935 साली तेथे जाहीर झालेले आणि ज्यू प्रजेचे नागरिकत्व हिरावून घेणारे ते कुप्रसिद्ध कायदे. आणि दुसरी म्हणजे 20 नोव्हेंबर 1945 रोजी तेथील न्यायमंदिरात सुरू झालेला तो खटला, ज्यात एका पराभूत राष्ट्राच्या सूत्रधारांना सामान्य आरोपींप्रमाणे पिंजऱ्यात बसून साक्षीपुरावा ऐकावा लागला. विधि-महाविद्यालयात असताना या खटल्याच्या न्याय्यतेवर आम्ही मित्रांनी कित्येक रात्री वाद घातले होते. त्यामुळे काही वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात त्या नगरीजवळ राहणाऱ्या माझ्या पुतणीकडे आठ-दहा दिवस मुक्काम करण्याचा योग आला, तेव्हा मला ओढ होती ती सहाशे क्रमांकाच्या न्यायदालनाची, हे वेगळे सांगावयास नको. ते दालन मी पाहिलेही. परंतु या लेखाचा विषय ते नव्हे. त्या संध्याकाळी घरी परतलो, तो जेवणाच्या मेजावर सर्वत्र पीठ आणि साखर पसरलेली, आणि पुतणीची सहा वर्षांची मुलगी मला पाहताच म्हणाली, "आबा, हात धुऊन या आणि ही भिंत धरा."

भिंत म्हणजे मधात मळून भाजलेल्या, गडद तपकिरी रंगाच्या, लवंग-दालचिनीचा घमघमाट सुटलेल्या एका जाड पोळीचा चौकोनी तुकडा होता. अशा चार भिंती, दोन उताराची छपरे, एक दार आणि एक धुराडे, एवढा ऐवज मेजावर मांडून ठेवलेला होता. पीठ दोन दिवस आधीच मळून थंड जागी मुरत ठेवले होते. कागदाचे नमुने कापून, ते लाटलेल्या पोळीवर ठेवून, सुरीने त्याबरहुकूम तुकडे काढले होते. आणि भट्टीतून काढताच, गरम असतानाच, त्यांच्या कडा पुन्हा सरळ कापून घेतल्या होत्या, कारण थंड झाल्यावर सुरी लावली तर भिंतीचे दोन तुकडे होतात. चुना म्हणून अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर एकत्र फेटून केलेला घट्ट लेप. हा लेप वाळेपर्यंत भिंतीला कोणीतरी आधार द्यावा लागतो. तो मी दिला. बचाव पक्षाचे भाषण ऐकताना न्यायाधीशास जेवढे निश्चल बसावे लागते, तेवढाच निश्चल मी अर्धा तास बसलो होतो. चार भिंती उभ्या राहिल्या, पण छपराला त्या दिवशी हात लावू देईनात. भिंती रात्रभर वाळल्या पाहिजेत, नाहीतर छपराच्या भाराने सारा डोलारा बसतो, हा तेथला नियम. खिडक्यांच्या भोकांत साखरेचा पाक ओतून काचा केल्या होत्या. त्यांच्यामागे मेणबत्ती ठेवली की आत कोणी राहात असल्याचा भास होतो. दुसऱ्या दिवशी छपरावर बदामाची कौले बसली, कडांवरून साखरेच्या लेपाचे हिमशलाकांसारखे थेंब ओघळले, आणि दारापुढे, त्या देशी कोणाही सुताराला न सुचलेली वस्तू, म्हणजे बदामाच्या लगद्याचे एक तुळशीवृंदावन उभे राहिले.

"याला इथे काय म्हणतात?" मी विचारले. "हेक्सनहाउस, काका," पुतणी म्हणाली, "चेटकिणीचं घर."

येशूच्या जन्मोत्सवात घरोघर चेटकिणीचे घर बांधावे, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटली. त्या जिज्ञासेपोटी पुढे जे वाचन घडले, त्यातला काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहे.

इंग्रजीत या पदार्थास 'जिंजरब्रेड' म्हणतात. या नावात जिंजर आहे ते आपले आले, आणि ब्रेड आहे तो मुळात ब्रेड नव्हेच. जुन्या फ्रेंचमध्ये मुरवलेल्या आल्याला जो शब्द होता, त्याचे शेवटचे अक्षर इंग्रजांच्या कानाला 'ब्रेड'सारखे ऐकू आले, आणि आल्याच्या मुरंब्याची नावापुरती भाकरी झाली. 'जिंजर' या शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा. आपल्या वैद्यकग्रंथांतले 'शृंगवेर', ग्रीकांचे 'झिंगिबेरिस', रोमनांचे 'झिंगिबेर', पोर्तुगीजांचे 'जेंजिब्र', जर्मनांचे 'इंगवेर' ही सारी एकाच कुळातली मंडळी. शिंगासारखा आकार म्हणून शृंगवेर, अशी आपली व्युत्पत्ती. पण अनेक भाषाशास्त्रज्ञ हा शब्द मुळात द्रविड मानतात, कारण तमिळमध्ये 'इंजि' म्हणजे आले आणि 'वेर' म्हणजे मूळ. संस्कृताने त्यावर शिंगे मागाहून बसवली असावीत. गंमत अशी की, न्यूरेंबर्गच्या पदार्थाच्या नावात आले नाहीच. त्याचे नाव 'लेबकुखन'. त्याच्या दुसऱ्या जर्मन नावाचा, 'फेफरकुखन'चा, अर्थ मिऱ्याची पोळी. आणि त्यात मिरे बहुधा नसतात. दूरदेशाहून येणारा कोणताही मसाला त्या काळी 'मिरे' या एकाच नावाखाली मोडत असे. श्रीमंत व्यापाऱ्यांना लोक उपहासाने 'मिऱ्याची पोती' म्हणत, हेही त्याच भाषेतले.

हा पदार्थ न्यूरेंबर्गलाच का फोफावला, याचे उत्तर त्या नगरीच्या दोन बाजूंना आहे. एका बाजूस अरण्य आणि दुसऱ्या बाजूस व्यापारी वाट. अरण्याची गोष्ट वकिलाला अधिक रुचणारी, म्हणून ती आधी सांगतो. नगरीभोवतीच्या शाही अरण्यास साम्राज्याची मधमाश्यांची बाग म्हणत. तेथे उंच झाडांच्या खोडांत पोकळ्या कोरून माश्या राखणारे लोक असत; त्यांना 'त्साइडलर' हे नाव होते. साखर दुर्मीळ असलेल्या त्या युगात मध हाच एकमेव गोडवा, आणि देवघरातल्या दिव्यासाठी मेणही त्याच पोळ्यातले. अशा लोकांचे महत्त्व ओळखून सम्राट चौथा कार्ल याने 1350 मध्ये त्यांना सनद दिली. त्यांना धनुष्य बाळगण्याचा अधिकार होता आणि त्या बदल्यात सम्राटाच्या सेवेस धनुर्धारी म्हणून उभे राहण्याचे कर्तव्य होते. एवढेच नव्हे, तर फॉइख्त या गावी त्यांचे स्वतःचे न्यायालय भरत असे. माश्यांच्या पोळ्यावरून उद्भवलेले तंटे तेथे चालत. मला आजवर चालवाव्या लागलेल्या कित्येक दाव्यांपेक्षा ते अधिक सुवासिक असले पाहिजेत.

दुसरी बाजू व्यापाराची. न्यूरेंबर्गचे व्यापारी व्हेनिसला जाऊन मसाला आणीत. लेबकुखन करणाऱ्याचा उल्लेख त्या नगरीत 1395 पासून मिळतो. 1487 मध्ये सम्राट तिसरा फ्रीडरिख तेथे मुक्कामास असताना त्याने नगरीतल्या मुलांना बोलावून प्रत्येकाला आपल्या मुखवट्याचा ठसा असलेला लेबकुखन वाटला. जमलेल्या मुलांची संख्या चार हजारांच्या आसपास सांगितली जाते. पुढे वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला आणि व्हेनिसच्या मक्तेदारीला तडा गेला. जर्मन सावकारांनी वारा कोणत्या दिशेने वाहतो हे तत्काळ ओळखले. 1505 मध्ये फ्रान्सिस्कु द अल्मेदा याचे आरमार लिस्बनहून हिंदुस्थानास निघाले, तेव्हा त्यातल्या तीन जहाजांत जर्मन भांडवल गुंतलेले होते. आउग्सबुर्गचे वेल्सर आणि फुग्गर त्यात होते, तसेच न्यूरेंबर्गचे हिर्शफोगेल आणि इमहोफही होते. याच अल्मेदाने त्या वर्षी आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधावयास घेतला आणि मग तो दक्षिणेकडे मलबारास गेला. पाच वर्षांनी, 1510 मध्ये, गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडला. लेबकुखन बनविणाऱ्याच्या पिठातली चिमूटभर पूड आणि आपल्या किनाऱ्यावर त्या शतकात उतरलेले संकट, या दोहोंचा हिशेब एकाच खातेवहीत लिहिला गेला होता, हे गोमंतकीय वाचकाने ध्यानात घेतल्यास हा विषय त्याला तितकासा परका वाटणार नाही.

लेबकुखनवाल्यांना कायद्याने स्वतंत्र ओळख मिळावयास मात्र फार काळ लागला. पाव भाजणाऱ्यांचे म्हणणे, भट्टी आमची, पीठ आमचे, तेव्हा हे लोकही आमच्यातलेच. अखेर 1643 मध्ये, तीस वर्षांचे युद्ध चालू असतानाच, नगरसभेने लेबकुखन हा वेगळा व्यवसाय म्हणून मान्य केला. पाव कोणता आणि लेबकुखन कोणता, ही व्याख्येची लढाई त्यानंतरही संपलेली नाही. त्यातील उत्तम प्रतीचा जो 'एलिझन' प्रकार, त्यात बदाम-अक्रोडादी कवचीफळे निदान 25 टक्के असावीत आणि पीठ 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असा दंडक आहे. आणि 1996 पासून न्यूरेंबर्गच्या हद्दीबाहेर केलेल्या मालास न्यूरेंबर्गचा लेबकुखन म्हणता येत नाही. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकेला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कुळातले.

येथवर झाली ती पोळीची कथा. घर अजून आलेले नाही. सम्राटाचा मुखवटा, हृदयाची आकृती, संतांच्या मूर्ती, असे ठसे लाकडी साच्यांतून शतकानुशतके निघत होते; परंतु भिंती उभ्या करून वर छप्पर घालण्याचा कौटुंबिक परिपाठ मध्ययुगीन नव्हे. पाचशे-सहाशे वर्षांची परंपरा म्हणून जाहिरातींत जे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. हे घर एकोणिसाव्या शतकातले आहे आणि त्याचा पाया एका पुस्तकात आहे.

20 डिसेंबर 1812 रोजी बर्लिनमध्ये याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या लोककथांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. नाताळच्या भेटवस्तूंचेच ते दिवस होते. दोघे भाऊ कायद्याचे विद्यार्थी, हे मी अभिमानाने नमूद करतो. त्या खंडात हेन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांची कथा आहे. घरात अन्न नाही, म्हणून आई बापाच्या मागे लागते आणि दोन्ही मुलांना अरण्यात सोडून देण्यात येते. भुकेने व्याकूळ झालेली ती मुले भटकत भटकत एका घरापाशी येतात, ते घर खाऊ लागतात, आणि आतून चेटकीण बाहेर येते. आता गंमत अशी की, ज्या घरावरून सारे जग आज मधमसाल्याची घरे बांधते, ते ग्रिमांच्या कथेत मधमसाल्याचे नाहीच. त्याच्या भिंती साध्या भाकरीच्या आहेत. छपरावर केक आहे आणि खिडक्यांना साखर आहे, हे खरे. पण मुख्य बांधकाम भाकरीचे.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जो पोटभर जेवलेला आहे, त्याच्या स्वप्नात मिठाईचा महाल येतो; ज्याने चार दिवस काही खाल्लेले नाही, त्याच्या स्वप्नात भाकरीची भिंत येते. या कथेमागे मध्ययुगातल्या दुष्काळांची स्मृती आहे असे काही अभ्यासक मानतात, आणि विशेषतः 1315 ते 1317 या काळात उत्तर युरोपात पडलेल्या महादुष्काळाकडे बोट दाखवतात. पण इतके मागे जाण्याचेही कारण नाही. कथा छापली गेल्यानंतर तीन वर्षांनी, एप्रिल 1815 मध्ये, जावा बेटाच्या पूर्वेस तांबोरा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. त्याच्या धुळीने सूर्य झाकोळला, 1816 साली युरोपात उन्हाळा असा झालाच नाही, पिके कुजली, आणि जर्मन प्रदेशांत भाकरी गरिबाच्या हाताबाहेर गेली. ज्या पिढीने हे पुस्तक प्रथम मुलांना वाचून दाखवले, तिने भूक पाहिली होती. 1840 च्या चौथ्या आवृत्तीत ग्रिमांनी कथेतल्या आईची सावत्र आई केली. सख्खी आई पोटच्या पोरांना अन्नाअभावी टाकून देते, हे सत्य तोवर सुस्थितीत आलेल्या वाचकाला सोसण्याजोगे उरले नसावे. आपल्याकडे दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या ज्या कहाण्या सांगत, त्यांत ही सोय कोणी केलेली नव्हती.

खिडक्यांच्या साखरेचीही एक बाजू आहे. या कथेत ज्यांनी भर घातली, त्यांत कासेल नगरीतली डोर्टखेन विल्ड ही तरुणी होती. पुढे 1825 मध्ये ती विल्हेल्मची पत्नी झाली. तिचे वडील औषधविक्रेते. त्या काळी साखर आणि मसाले औषधांच्या दुकानातच तोलून मिळत. साखरेची खिडकी तिलाच सुचली असे मी म्हणत नाही. तेवढा पुरावा नाही. पण साखर ही वस्तू किती मोलाची, हे त्या घरात लहानपणापासून ठाऊक असणार.

ती मोलाची राहिली असती, तर चेटकिणीचे घर पुस्तकाबाहेर आलेच नसते. छपरावर पांढरे बर्फ पसरायचे तर साखर मुबलक हवी. 1747 मध्ये मारग्राफ नावाच्या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने बीट कंदात साखर असल्याचे दाखवून दिले. त्याचा शिष्य आखार्ड याने शतक पालटताना सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. आणि नेपोलियनने इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी केल्यावर या उद्योगास बळ मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी बीटसाखरेचा मोठा उत्पादक झाला, आणि गुलामांच्या घामातून वेस्ट इंडिजहून येणाऱ्या उसाच्या साखरेवाचून सामान्य कुटुंबाच्या चुलीशी साखरेचा डबा आला.

भाकरीच्या घराचे मधमसाल्याच्या घरात कायमचे रूपांतर करणारी शेवटची घटनाही एका कुटुंबातच घडली. आडेलहाइट वेटे नावाच्या गृहिणीने आपल्या मुलांच्या घरगुती खेळासाठी या कथेवर काही गीते रचली आणि 1890 मध्ये आपला भाऊ एंगेलबर्ट हुम्परडिंक याच्याकडे चाली लावण्यासाठी पाठविली. त्यातून वाढत वाढत एक संपूर्ण संगीतिका झाली. तिचा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1893 रोजी वायमार येथे रिखार्ड श्ट्राउस याच्या संचालनाखाली झाला. या संगीतिकेत चेटकिणीच्या घराभोवती लेबकुखनच्या बाहुल्यांचे कुंपण आहे. त्या बाहुल्या म्हणजे चेटकिणीने भाजून काढलेली मुले, आणि शेवटी ती पुन्हा जिवंत होतात. संगीतिकेचे प्रयोग दर नाताळात होत राहिले आणि प्रेक्षक रंगमंचावर पाहिलेले घर आपल्या मेजावर बांधू लागले. भुकेची कथा अशी सणाची झाली.

आता राहिला मोडण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते या परिपाठाचे मर्म त्यात आहे. घर बांधायचे ते खाण्यासाठी, परंतु लगेच नव्हे. नाताळपूर्वी बांधलेले घर सारा सण सर्वांच्या डोळ्यांपुढे राहते. मुले त्याच्याभोवती घिरट्या घालतात. मागच्या बाजूचे एखादे कौल रात्रीतून नाहीसे होते आणि त्याचा तपास लागत नाही. स्वीडनमध्ये 13 जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी, नाताळचे झाड उतरवतात आणि त्या वेळी मुले हे घर फोडतात. माझ्या पुतणीकडे तीन राजांच्या सणाला, 6 जानेवारीस, फोडतात. आमच्या बेळगावातली मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे उभे करतात, आणि सण सरला की स्वतःच तो मोडतात. गोव्यात रात्र रात्र जागून उभारलेला नरकासुर पहाटे जाळतात. या सर्वांत एक अलिखित दंडक आहे. ज्याने बांधले, त्यानेच मोडायचे, आणि ठरलेल्या दिवशीच मोडायचे. वडिलोपार्जित वाड्यांच्या वाटणीचे दावे मी वीस वर्षे चालवीत आहे. त्यांत वाटणी होते तेव्हा घर वाचत नाही, आणि घर वाचवावे म्हणावे तर माणसे एकमेकांची तोंडे पाहात नाहीत. वाटणीसाठीच बांधलेले समाईक घर मी प्रथमच पाहिले.

दंडक मोडला तर काय होते, याचे उदाहरण नॉर्वेत घडले. बेर्गेन या बंदराच्या गावी 1991 पासून दर नाताळात मधमसाल्याच्या घरांचे एक सबंध शहर मांडतात. शाळकरी मुले, कुटुंबे, दुकानदार, सारे आपापले घर भाजून आणतात. नोव्हेंबर 2009 मध्ये कोणी आत शिरून त्या शहराची नासधूस केली. काही आठवड्यांनी ज्यांनी ती घरे स्वतःच फोडून खाल्ली असती, त्यांनाच या विध्वंसाने धक्का बसला. गावकऱ्यांनी भट्ट्या पेटवल्या, नवी घरे आणली, आणि शहर पुन्हा उभे राहिले.

न्यूरेंबर्गच्या बाबतीत हे दुःख साखरेपुरते नव्हते. 2 जानेवारी 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी त्या नगरीवर बाँबवर्षाव केला आणि जुन्या न्यूरेंबर्गची लाकडी सज्ज्यांची, उतरत्या छपरांची घरे जवळजवळ सगळी भस्मसात झाली. मेजावरचे घर ज्या घरांची नक्कल होती, ती घरे एका रात्रीत गेली. खटल्यातील न्यायाधीशांनी त्याच वर्षी नाताळची सुट्टी घेतली आणि कामकाज पुन्हा सुरू केले ते 2 जानेवारी 1946 रोजी, म्हणजे बरोबर त्याच तारखेस. न्यायदालनाबाहेर तेव्हा विटांचे ढीग होते. कोणाचे घर कोणी आणि कोणत्या अधिकाराने मोडले, याचा निवाडा आत चालला होता. बाहेरच्या ढिगांचा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता, आणि विद्यार्थिदशेत आम्ही भांडलो होतो ते याच मुद्द्यावरून. नाताळचा बाजार 1948 मध्ये त्याच चौकात पुन्हा भरला आणि लेबकुखनची दुकाने लागली.

मी 6 जानेवारीपूर्वीच परतलो होतो. फेब्रुवारीत पुतणीचे एक पुडके आले. घर फोडताना मुलीने हातोडी प्रथम छपरावर घातली, मग दारावर. तुळशीवृंदावन मात्र कोणाला खाऊ दिले नाही, ते अजून कपाटात आहे, असे पत्रात होते. पुडक्यात कागदात गुंडाळलेला तपकिरी रंगाचा एक चौकोनी तुकडा निघाला. त्याच्या एका कडेस पांढरा लेप अजून चिकटलेला होता, आणि कागदावर मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिले होते, "आबांची भिंत".